रद्दी वाचणारी फुटाणेवाली

वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालायचा त्या काळात, एका बाजाराच्या दिवशी सकाळी, जळगाव जामोदच्या पेठेत एका कापडदुकानदाराने फुटाणेवालीला आपल्या दुकानाचा ओटा सोडायला सांगितलं. मी तिच्यापुढे फुटाण्यांसाठी उभा होतो.

तिचं नाव मला माहीत नव्हतं. पुडा बांधण्यासाठी रद्दी वर्तमानपत्राचा कागद घेतला, की ती आधी तो मोठ्याने वाचायची आणि मगच त्यात फुटाणे भरायची. ऐकायला बाजारातल्या बाया थांबायच्या. त्यांच्यामुळे दुकानाची वाट अडते, ही दुकानदाराची तक्रार होती. पण सावली आणि गिऱ्हाईक, दोन्ही त्या ओट्यावरच होती.

"वाचणं बंद कर, नाहीतं ओटा खाली कर," तो म्हणाला. "सहा महिन्यांच्या शिळ्या बातम्या वाचून राह्यली!"

"तुमच्यासाठी शिळ्या, सेठजी. या बायांले आधी कोणी सांगितल्या होत्या काय?"

बाया हसल्या.

"बोल, काय करतं?" दुकानदाराने विचारलं.

तिने हातातला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, त्यात माझे फुटाणे बांधले आणि टोपली उचलली. रस्त्यापलीकडे, उन्हात, तिने पोतं अंथरलं. सात बाया तिच्यामागे गेल्या. तिने पुढचा कागद उचलला आणि ती वाचायला लागली.