ओतता येणारा खरवस

शेजारच्या सुमनताईंची म्हैस व्यायली आणि त्यांनी पहिल्या दिवसाचा वाटीभर चीक आणून दिला. बायकोचा पाय प्लास्टरमध्ये. पंधरा दिवस पडून कंटाळलेली ती पहिल्यांदाच आवडीने काही मागत होती.

"खरवस मी करतो," मी म्हणालो. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं, मग खरवसाला कशाला घाबरायचं?

कुकर चढवून मी तिच्या पलंगाशी आलो आणि समजावू लागलो. चिकातल्या प्रथिनांचे लांब धागे घट्ट गुंडाळलेले असतात. उष्णतेने त्यांचे नाजूक बंध सुटतात आणि धागे उलगडतात. मग एकातलं गंधक दुसऱ्यातल्या गंधकाला धरतं, धाग्यांची जाळी विणली जाते आणि पाणी तिच्यात अडकतं. म्हणून खरवस थरथरतो, पण सांडत नाही.

"दूध किती घातलंत?" तिने विचारलं.

"सगळ्यांना पुरेल म्हणून पाचपट."

"अहो, मग ते धागे एकमेकांना सापडायचे कसे?"

कुकर उघडला. वेलदोड्याचा वास छान होता, पण भांड्यात नुसतं दूध हिंदकळत होतं. इतकी वर्षं फळ्यावर बंधाची रेघ ओढताना मी दोन्ही टोकं आयतीच शेजारी काढत आलो होतो. ती भेटतील की नाही, हे कधी मनातही आलं नव्हतं.

तिने चमचाभर चाखलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग सुमनताईंना फोन लावला.

"या ना, ह्यांनी खरवस केलाय. येताना पेला आणा."