अमेरिकेतला राजीनामा

"अगं, अमेरिकेच्या पयल्या उपराष्ट्राध्यक्षानंबी राजीनामा दिलताच की! मी तर साधी गावची उपसरपंच."

शेजारच्या कांताकाकूंनी "तू तवा खुर्ची कावून सोडली गं?" असं विचारलं होतं, त्यावर मम्मी ओसरीतून बोलत होती. मी आत पोळ्या लाटत होते — लाटणं तिथंच थांबलं. हे वाक्य तिला मी दिलं होतं. सात वर्षं झाली. कुणाला कधी सांगितलं नाही, तुम्हालाच सांगतेय.

तेव्हा मी नववीत, वडवणीला इंग्रजी शाळेत. प्रोजेक्टसाठी या पहिल्या उपराष्ट्राध्यक्षाबद्दल वाचत होते. भाजी निवडताना मम्मी रोज विचारायची, "काय म्हणतो तुझा अमेरिकेवाला?" मी सांगायचे — सभेत नुसता बसायचा, मतं समसमान पडली तरच मत द्यायचा, वैतागून बायकोला पत्रं लिहायचा.

"माझ्यावानीच की!" मम्मी खूप हसायची. "फकस्त मी पत्र कुणाला लिहू? तुझे पप्पा तर हितंच बसलेत."

त्याच महिन्यात सदस्यांनी आपसात ठरवलं — सव्वा वर्ष झालं, आता पद दुसऱ्याला. तिला विचारलंसुद्धा नाही. तिला सोडायचं नव्हतं. अंगणवाडीच्या गळक्या छताचा ठराव तिनं मांडला होता, तो अजून व्हायचा होता. राजीनाम्याचा कागद पुढ्यात ठेवून तिनं मला विचारलं, "तुझ्या त्यानं काय केलं गं शेवटी?"

इथं मी अडते. कारण — त्याच आठवड्यात ती उपसरपंच म्हणून आमच्या शाळेत पाहुणी आली होती. माईकवर "मला लई आनंद झाला" म्हणाली, आणि माझ्या मागच्या मुली हसल्या. मीही हसले. पुढचं खोटं मोठं, की हे हसणं? मला अजून ठरवता येत नाही. ती पुन्हा तिथं उभी राहू नये, एवढंच तेव्हा हवं होतं.

"राजीनामा दिला," मी म्हणाले.

तिनं सही केली. पुढचे दोन पावसाळे अंगणवाडीची पोरं समाजमंदिरात बसली.

आज काकू उठून गेल्यावर पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेर आले. आवाज — माझं मलाच नवल वाटलं — अगदी मोकळा निघाला.

"मम्मी, त्यानं राजीनामा दिलाच नव्हता. आठ वर्षं राहिला, आणि मग राष्ट्राध्यक्ष झाला. मी खोटं बोलले. मला तुझी लाज वाटली होती."