शहाण्णवनंतर एकशे तेरा

"सर, संपली. तीनशेच्या तीनशे."

संगीताताई भगत आर्णीहून फोनवर बोलत होत्या. मागे शिलाई मशीन चालू होती.

"काय संपली?" मी विचारलं. सकाळची वेळ होती आणि माझ्या डोक्यात दुसऱ्याच पुस्तकाची प्रुफं होती.

"कादंबरी, सर. दुकानात एकबी प्रत नाई राह्यली. साहेबाईले सांगा, दुसरी आवृत्ती काढा लागते."

मी यवतमाळातल्या एका छोट्या प्रकाशनात काम करतो. कार्डावर 'संपादक' असं छापलं आहे. प्रत्यक्षात प्रुफं तपासणं, छपाईवाल्याच्या मागे लागणं, लेखकांचे फोन घेणं आणि पार्सलं बांधणं, हे सगळं मीच करतो. आमचे मालक राऊतसाहेब बाकीचं बघतात. बाकीचं म्हणजे प्रकाशन समारंभ.

संगीताताई आर्णीत लेडीज टेलर आहेत. 'काज-बटण' ही त्यांची पहिली कादंबरी. हस्तलिखित आलं तेव्हा ते मापं लिहायच्या चार वह्यांत होतं. एका बाजूला छाती, कंबर, बाही आणि पानाच्या पाठीमागे कादंबरी. मी ते दोन दिवसांत वाचलं आणि साहेबांना म्हणालो, हे काढू. इतक्या लवकर मी सहसा असं म्हणत नाही.

आमच्याकडे तीनशे प्रती संपायला साधारण तीन-चार वर्षं लागतात. संगीताताईंच्या अडीच महिन्यांत संपल्या. ब्लाउज न्यायला आलेल्या बाईला त्या पुस्तक दाखवत. बाई घरी नेई, मग तिची जाऊ येई. एका निवृत्त प्राध्यापकांनी पेपरात परीक्षण लिहिलं. ते ताईंनी लॅमिनेट करून आरशाच्या वर लावलं. आर्णीतल्या महिला मंडळानं रविवारी सत्कार ठेवला. दिवसातून तीनदा त्यांचा मला फोन येऊ लागला. "सर, आज बँकेतल्या मॅडमनं सही मागतली." "सर, तिसरी आवृत्ती निघाली तं मुखपृष्ठ तेच ठेवाचं का?" दुसरी अजून छापायची होती.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. नव्या लेखकाचा आनंद हा माझ्या कामाचाच भाग आहे. तो सहा महिन्यांत ओसरतो, असा अनुभव आहे.

दुसरी आवृत्ती छापण्याआधी एक नियम असतो. पहिल्या आवृत्तीची बांधलेली प्रत घ्यायची आणि लाल पेन घेऊन पहिल्यापासून वाचायची. राहिलेल्या चुका तेव्हा सापडतात. मंगळवारी दुपारी मी बसलो. शहाण्णवाव्या पानावर शेवटची ओळ होती: 'दारावर थाप पडली. वंदनानं कडी काढली आणि'. पान उलटलं. पुढची ओळ होती: 'मशीनवर बसली.'

वाक्य बरोबर होतं. फक्त मला आठवत होतं की कडी काढल्यावर दारात वंदनाची आई उभी असते.

मी पानाचा आकडा पाहिला. एकशे तेरा.

इथं थोडं सांगावं लागेल. पुस्तक एकेक पान छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापतात. तो कागद दुमडला की सोळा पानांचा गठ्ठा होतो. त्याला फर्मा म्हणतात. 'काज-बटण'चे अकरा फर्मे होते. बाइंडरकडे ते क्रमानं एकावर एक लावतात, मग शिवतात आणि कव्हर चढवतात. आमच्या पुस्तकात सहाव्यानंतर थेट आठवा होता. सातवा फर्मा नव्हता.

ऑफिसात आणखी दोन प्रती होत्या. दोन्हींत नव्हता.

मी स्कूटर काढून सलीमभाईंच्या बाइंडिंगच्या दुकानात गेलो. सलीमभाई आमची पुस्तकं वीस वर्षांपासून बांधतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे हात घातला. तपकिरी कागदात बांधलेला गठ्ठा निघाला. सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. आत सातवा फर्मा होता, तीनशेच्या तीनशे प्रतींचा.

"मैं बी सोचूं, ये कायका गठ्ठा है," सलीमभाई म्हणाले. मग म्हणाले, "पण सर, सँपल तो तुमनेच पास किया."

हे खरं होतं. सगळं पुस्तक बांधण्याआधी एक नमुना प्रत आमच्याकडे येते. ती तपासून मी त्यावर 'ओके' लिहून सही करतो, मग बाकीच्या बांधतात. तेव्हा प्रकाशन समारंभ दोन दिवसांवर होता. मी कव्हर पाहिलं, ताईंचं नाव पाहिलं, पुस्तकाच्या कण्यावरची अक्षरं सरळ आहेत का पाहिलं आणि सही केली. पानांचे आकडे पाहिले नाहीत. तीन मिनिटांचं काम होतं.

ऑफिसात येऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"किती लोकाईनं तक्रार केली?"

"कोणीच नाही."

"मंग तुमी कायले करून राह्यले?"

मी म्हणालो, "लेखिकेला सांगावं लागेल."

"रविवारी सत्कार आहे तिचा. मी अध्यक्ष आहे." साहेबांनी चष्मा परत लावला. "दुसऱ्या आवृत्तीत सातवा फर्मा टाका गुपचूप. झालं. तिनं सोता पाह्यलं नाई, लोकाईनं पाह्यलं नाई. तुमालेच दिसलं."

व्यवहार म्हणून यात चूक नव्हती. मी घरी गेलो. जेवताना ते सोळा पानांचं प्रकरण आठवत होतं. वंदनाला सासरचे यवतमाळात घराबाहेर पडू देत नसतात. तिची आई मुकुटबनला शेतमजुरी करते, तिला अक्षरओळख नाही. ती एका चिठ्ठीवर पत्ता लिहून घेते, वणीला गाडी बदलते, आयुष्यात पहिल्यांदा एकटी यवतमाळला येते आणि चिठ्ठी दाखवत दाखवत मुलीच्या दारात उभी राहते. कोणाशी भांडत नाही. "हिचे कपडे द्या," एवढंच म्हणते. कादंबरी घ्यायचं मी ठरवलं होतं ते याच प्रकरणामुळे. आणि तेच तीनशे लोकांना मिळालं नव्हतं. त्यांच्या पुस्तकात दारावर थाप पडते, वंदना कडी काढते आणि मशीनवर बसते.

बुधवारी सकाळच्या एसटीनं आर्णीला गेलो. पिशवीत सातव्या फर्म्याची एक घडी होती.

संगीताताईंनी चहा मागवला. दुकानात जुन्या बसस्टॉपच्या बाजूनं उजेड येत होता. आरशाच्या वर परीक्षण होतं. त्यातली एक ओळ त्यांनी पिवळ्या पेननं रंगवली होती: 'लेखिका सगळं सांगत नाही. दारावर कोण आलं, हे वाचकानं ओळखायचं असतं.'

"सर, हे मले समजलं नाई," त्या म्हणाल्या. "मी तं सांगतलं ना, कोण आलं ते. पण म्हटलं, मोठे लोकं आहेत, तारीफच करून राह्यले."

मी फर्मा त्यांच्या कापायच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सही माझी होती, हेही सांगितलं.

कपाटातली स्वतःची प्रत काढून त्यांनी शहाण्णवावं पान उघडलं. उलटलं. परत मागं केलं.

"मी पाह्यलंच नाई," त्या म्हणाल्या. "पुस्तक आलं तवा नाव पाह्यलं, फोटो पाह्यला, पह्यलं पान वाचलं. पुढचं मले पाठच होतं."

"सगळे लेखक असंच करतात."

"अन् तीनशे लोकं?"

मी फर्म्याची दुमड सरळ केली.

"सर, मी बिनाबाहीचा ब्लाउज देला अन् गिऱ्हाईक काही बोललंच नाई, तं त्याचा अर्थ काय होते? का तिनं तो अंगात घातलाच नाई." त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. माप सांगावं तसं म्हणाल्या. "अडीच महिने मी हवेत होती."

चहा आला. त्यांनी घेतला नाही. मग एकदम फोन उचलला.

"मायले लावते. पौर्णिमा वाचून दाखवून राह्यली होती तिले." पौर्णिमा म्हणजे त्यांची भावजय. मुकुटबनला सासूजवळ राहते.

फोन स्पीकरवर होता. दोन्ही हात फर्म्यावर ठेवून त्या बोलल्या.

"माय, पुस्तक कुठवर आलं?"

"सरलं," पलीकडून आवाज आला. "महिना झाला. पौर्णिमा रोज चार चार पानं वाचे."

"मंग तुले काही कमी वाटलं का त्यात?"

पलीकडून कोंबड्यांचा आवाज आला.

"माही यवतमाळची गोष्ट नाई त्यात," माय म्हणाली. "पौर्णिमाले दोनदा मागं पाहाले लावलं. नाई म्हणे."

"मले सांगतलं नाई काहून?"

"कायले सांगू. तू आता मोठ्या लोकाईत बसतं. मी म्हटलं, तूनंच काढली असन. चिठ्ठी दाखवत फिरनारी अडानी माय कायले दाखवा लोकाईले. बराबर केलं, म्हटलं."

संगीताताईंनी पदर तोंडाला लावला. मी भिंतीवर टांगलेले ब्लाउज मोजायला लागलो. चौदा होते.

"माय," त्या शेवटी म्हणाल्या, "मी नाई काढली. ते पानं बाइंडिंगवाल्याकडं राह्यले. सरजी घेऊन आले."

"आहेत ना पन?"

"आहेत."

"मंग ठीक आहे. मी म्हटलं हारपले का काय."

तीनशे लोकांत एकच वाचक असा निघाला, आणि त्याला वाचता येत नव्हतं. मी हे बोलून दाखवलं नाही.

संगीताताईंनी डोळे पुसले आणि कामाचं बोलल्या. गठ्ठा शाबूत आहे ना. आहे. मग तो रद्दीत जाणार नाही. सलीमभाईंनी प्रत्येक फर्मा दुमडून पिन मारून द्यायचा. ज्याच्याकडे पुस्तक आहे त्यानं दुकानात येऊन आपली सोळा पानं घेऊन जायची.

"म्हणजे सगळ्यांना कळेल," मी म्हणालो.

"कळू द्या. कपडा उसवला तं गिऱ्हाइकाले वापस बोलवाच लागते."

साहेबांना हे पटलं नाही. पण सत्कार रद्द करणं त्यांना त्याहून कमी पटलं.

रविवारी पंचायत समितीजवळच्या हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसं होती. माय पहिल्या रांगेत बसली होती, पांढरं लुगडं नेसून, पायातल्या चपला खुर्चीखाली नीट लावून. शाल-श्रीफळ झालं. साहेब वीस मिनिटं बोलले. त्यांनी कादंबरी 'एका बैठकीत' वाचल्याचं सांगितलं. मग संगीताताई उठल्या.

"तुमी वाचलेल्या पुस्तकात सोळा पानं नाहीत," त्या म्हणाल्या. "ते मी आता वाचते."

हॉलमध्ये काही जणांनी मान हलवली, जणू त्यांना माहीत होतं. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला.

त्या चाळीस मिनिटं वाचत होत्या. आवाज सपाट होता, मध्येच शब्द अडखळत होते. चिठ्ठी दाखवत आई गल्लीगल्लीतून फिरते तिथं मागच्या खुर्च्यांवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. 'हिचे कपडे द्या' इथं आल्यावर ताई थांबल्या, पाणी प्यायल्या आणि पुढे वाचलं. माय समोर बघत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. संपल्यावर टाळ्या वाजल्या, तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं, कोणासाठी वाजतात ते बघायला.

निघताना मी तिला नमस्कार केला. संगीताताईंनी माझी ओळख करून दिली, पुस्तकाच्या चुका पाहणारे सर म्हणून. परिस्थिती पाहता ही ओळख जरा जड होती.

"एक चूक आहे त्यात," माय म्हणाली.

"कोणती?"

"तिनं लिवलं का, कंडक्टरनं मले यवतमाळले उतरवून देलं. कोणी नाई उतरवलं. मी सोताच उतरली. सगळे उतरून राह्यले होते, मले समजते तेवढं."

मी खिशातून लाल पेन काढलं आणि तिथंच लिहून घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. ताईंनी दुकानावर पाटी लावली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे कळवलं. दोन महिन्यांत एक्केचाळीस जण पानं घ्यायला आले. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "मी अजून तिथपर्यंत आलेच नाही." प्राध्यापकांना मी पोस्टानं पाठवली. त्यांचं उत्तर आलं की, पान वाचून आनंद झाला, तरी मूळ रूप अधिक परिणामकारक होतं. पान नव्हे, सोळा पानं. पण ते असो. दुसरी आवृत्ती दोनशेची निघाली. अकराही फर्म्यांसह. मी प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत उघडून आकडे पाहिले. सलीमभाई चहा पाजत राहिले.

एक्केचाळिसावी बाई येऊन गेली त्या दिवशी संगीताताईंचा फोन आला. ती मुद्दाम दारव्ह्याहून आली होती आणि दुकानात उभ्या उभ्याच सोळा पानं वाचून गेली, असं त्या सांगत होत्या. आवाज अगदी तसाच होता, तीनशे संपल्याचं सांगताना होता तसा. मी कामात होतो, तरी पूर्ण ऐकून घेतलं.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. प्रत हातात आली की आधी पानांचे आकडे पाहा, कव्हर नंतर. आणि खप म्हणजे पुस्तक किती घरांत गेलं ते. ते उघडलं का, हे विचारायची पद्धत नाही. विचारायचंच असेल तर सोळा पानं काढून ठेवावी लागतात, आणि ते मी कोणाला सुचवणार नाही.