ग्रेसी आंटीचं नख

गाडी दुकानासमोर थांबली की ग्रेसी आंटी आधी टायरकडे बघायचीच नाही. ती वाकून मागच्या काचेतून आत बघायची. सीटवर कार्टूनवाली पाण्याची बाटली, बिस्किटाचा चुरा, एखादा लहानसा बूट असं काही दिसलं की सावकाश सरळ व्हायची आणि मग चाकापाशी बसून उजव्या अंगठ्याचं मुद्दाम वाढवलेलं नख रबरात दाबायची. नख रुतलं तर म्हणायची, "रबर सडलं." नाही रुतलं तर म्हणायची, "रबर मेलं." मग गाडीवाल्याला अगदी मायेने विचारायची, "छोकरीचं नाव काय रे?"

"सान्वी."

"गोड नाव आहे. आता काय, देवाच्या हाती सगळं."

नुसती हवा भरायला आलेला माणूस चार नवे टायर घालून जायचा.

माजिवड्याला तिच्या टायरच्या दुकानाला लागून माझं मोटर ड्रायव्हिंग स्कूल होतं. मधे फक्त पत्रा, त्यामुळे तिचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं आणि मी ऐकावं अशी तिची इच्छाही असायची. एकदा न राहवून मी म्हटलं, "आंटी, त्या माणसाचे टायर चांगले होते. कशाला घाबरवलंत बिचाऱ्याला?" ती रागावली नाही. डब्यातला बोंबिलाचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली, "मास्तरीण, माणसाला स्वतःच्या मरणाची भीती नसते गो. पोराच्या मरणाची असते. मी ती भीती विकते. टायर त्यावर फुकट देते."

ठेंगणी, गोल, बारा महिने फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात बारीक क्रूस. ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणातली. बापाच्या भातशेतीवर आता टॉवर उभे होते आणि त्या टॉवरमधल्या लोकांच्या गाड्या तिच्याकडे यायच्या, त्याचा ती पुरेपूर सूड घ्यायची. दुकान नवऱ्याने काढलेलं. त्याच्याबद्दल ती एवढंच सांगायची, "मॅन्युएल देवमाणूस होता. गिऱ्हाइकाला म्हणायचा, अजून वर्षभर चालतील, जा घरी. मेला तेव्हा मयताला सगळी गिऱ्हाइकं आली. दुकानात एक येत नव्हतं."

तिची जीभ कुणालाही सोडायची नाही. एक टॅक्सीवाला एकच टायर बदलायचा म्हणून आला, तर भर रस्त्यात ओरडली, "एकच? का, बाकीच्या तीन चाकांवर सासू बसते तुझी?" तो खाली मान घालून निघून गेला आणि ही हसत राहिली. माझा घटस्फोट झाला त्या आठवड्यात मी सुजलेल्या डोळ्यांनी शटर उघडत होते, तेव्हा पत्र्यापलीकडून आवाज आला, "मास्तरीण, नवरा गेला तर गेला. स्टेपनी ठेवायची अक्कल नव्हती होय?" मला तिचा संताप यायचा, आणि तरी मी दुपारचा डबा तिच्याकडेच बसून खायचे. निर्दय माणसाच्या शेजारी बसण्यात एक मजा असते, तो दुसऱ्याशी बोलत असतो तोवर.

तिचा मुलगा ग्लेन अगदी बापावर गेला होता. उंच, लाजरा, गिऱ्हाइकाला खरं सांगणारा. दुकान पुढे त्यानेच चालवायचं असं ठरलेलं होतं, बोर्डावरसुद्धा 'मॅन्युएल अँड सन' असंच होतं. पण ग्लेनला ते मागच्या सीटवर डोकावणं जमेना. त्याने गुपचूप कागदपत्रं केली आणि कॅनडाला निघाला. निघायच्या दिवशी बॅग घेऊन दुकानात पाया पडायला आला, तर ही एका गाडीची हवा बघत बसली होती. वर न बघता म्हणाली, "जा. तिकडे बर्फात मर. मी रडायची नाही." त्याच संध्याकाळी तिने पेंटर बोलावून 'अँड सन'वर पांढरा रंग फासला.

त्यानंतर ग्लेनचे फोन यायचे आणि ती उचलायची नाही. तो मला करायचा. "ताई, मम्मा बरी आहे ना?" मी सांगायचे, बरी आहे, आत्ताच एकाला रडवलंय. तो हसायचा, पण फोन ठेवताना पुन्हा तेच विचारायचा.

असंच वर्ष गेलं. एका संध्याकाळी त्याने मला व्हिडिओ कॉल केला आणि म्हणाला, "ताई, प्लीज मम्माला दे. टायरचं विचारायचंय." मी फोन नेऊन तिच्यासमोर धरला. टायर हा शब्द ऐकून तिने पहिल्यांदा स्क्रीनकडे बघितलं.

ग्लेन त्याच्या जुन्या गाडीशेजारी उभा होता, नाक लाल झालं होतं. "मम्मा, इथे थंडी सुरू झाली. गाडीला आधीपासून ऑल सीझन टायर आहेत. दुकानवाला म्हणतो ते नुसते नावाला, इथल्या थंडीत त्यांचं रबर दगड होतं, पकड राहत नाही. म्हणतो विंटरवाले घाल, नाहीतर निदान ऑल वेदर तरी. त्यांच्यावर डोंगर आणि बर्फाचं चित्र असतं."

"चित्र!" आंटी म्हणाली. "उद्या मी आंब्याचं चित्र काढून विकते, उन्हाळ्याचे टायर म्हणून. गोटे दाखव."

गोटे म्हणजे टायरवरची नक्षी. त्याने फोन चाकापाशी नेला.

"नख लाव."

त्याने हातमोजा काढून नख लावलं.

"रुततं?"

"नाही मम्मा. एकदम कडक."

"मग? कडक म्हणजे तीन वर्षं मरण नाही त्याला." गिऱ्हाइकाला ती रोज जे सांगायची त्याच्या हे बरोबर उलट होतं. म्हणजे तिच्या मते हे खरं होतं. पोराशी ती खरं बोलत होती.

"पण तो दुकानवाला म्हणतो—"

"दुकानवाला कोण? माझाच भाऊ! तुला त्याने घरी कोण असतं ते विचारलं की नाही?"

ग्लेनच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "विचारलं. म्हणाला, आईचा विचार कर."

आंटी इतकी हसली की तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. "बघ! बघ मेल्या! मी काय करते इथे? तेच! काही बदलू नकोस. आईला विकायला निघाला साला."

मी म्हटलं, "आंटी, तिकडचं तिकडच्या माणसाला जास्त कळत असेल."

"तू क्लच शिकव," ती म्हणाली.

ग्लेन तिकडे हसत होता. त्याला टायर नको होते, त्याला आई हवी होती आणि ती त्याला मिळाली होती. त्या दिवशी ती दोघं बराच वेळ बोलली, तो काय जेवतो, चर्चला जातो की नाही, सगळं. त्याने टायर बदलले नाहीत. एवढ्या काळाने आई प्रेमाने काही सांगते म्हटल्यावर कोण मोडेल?

ऐन नाताळच्या तोंडावर एका चौकात त्याने ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. बर्फावरून सरळ घसरत जाऊन समोरच्या ट्रकखाली शिरली. ग्लेन वाचला. कमरेखालचं शरीर मात्र लुळं पडलं ते पडलंच.

तो परत आला त्या दिवशी विमानतळावर मी तिच्याबरोबर होते. विमानतळाची माणसं त्याला चाकांच्या खुर्चीवरून बाहेर घेऊन आली. आंटीने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या पायांवरची शाल सारखी केली आणि विचारलं, "तेच टायर होते?"

"तेच, मम्मा."

"चल. सकाळपासून दुकान बंद आहे." या बाईला काळीज आहे की रबराचा तुकडा, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर अंगठ्याचं नख तिने मुळापासून कापलं होतं. आणि ग्लेनची खुर्ची दुकानाच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल अशी लावली होती. आता ती मागच्या काचेतून डोकावत नव्हती. गिऱ्हाईक कां-कूं करायला लागलं की हात करायची, "ह्याला बघ. टायर बदलले नाहीत. तीस वर्षाचा पोरगा." गिऱ्हाईक ग्लेनच्या पायांकडे बघायचं, मग स्वतःच्या गाडीकडे बघायचं, आणि टायर घ्यायचं. दुकान असं कधीच चाललं नव्हतं. ग्लेन मान खाली घालून बसायचा. मॅन्युएलच्या मुलाला तिने शेवटी दुकानात बसवलंच, असं गावठाणातली माणसं म्हणायची, आणि मला ते ऐकवत नसे.

एकदा डोंबिवलीचा एक माणूस आला. बायकामुलांना घेऊन गाडीने मनालीला निघाला होता, बर्फ बघायला. आंटीने ग्लेनकडे हात केला. त्या माणसाने सरळ ग्लेनलाच विचारलं, "खरंच टायरमुळे झालं का हो?"

ग्लेनने मान वर केली. "दुकानवाला म्हणाला होता, बदल. मी आईला विचारलं. आई म्हणाली, नको."

त्या माणसाने आंटीकडे बघितलं. तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "चार घे. आणि तिकडे बर्फ लागला की तिकडचा माणूस सांगेल ते ऐक. इथे फोन करू नकोस."

त्याने चार घेतले. त्यानंतर ग्लेन रोज प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगायला लागला, त्याच शब्दांत, तिच्या तोंडावर. घरीसुद्धा ती दोघं फार बोलत नसत, असं कळलं.

पुढे रस्ता रुंदीकरणात माझी जागा गेली आणि मी स्कूल कल्याणला हलवलं. निघताना मी तिला म्हटलं, "आंटी, आता तरी त्याला घरी राहू द्या. माणसांसमोर असं बसवता, तुम्हाला दया नाही येत?"

ती एका टायरवर पाणी मारत राहिली.

"घरी ठेवला तर तो मला माफ करेल," ती म्हणाली. "बापासारखा आहे. चार दिवसांत माफ करून टाकेल. इथे रोज बोलायला लागतं ना, म्हणून विसरत नाही."

"आणि त्याला काय वाटतं?"

"ते मी विचारलं नाही."

बाहेर एक गाडी येऊन थांबली. तिने फ्रॉकला हात पुसले आणि मान वळवून ओरडली, "ग्लेन, पुढे ये. गिऱ्हाईक आलंय."