डावी रेघ

"मॅडम, सर लॅब में गिर गए हैं, आप जल्दी आइए..." दीड महिन्यापूर्वी दुपारी अविनाशच्या लॅबमधून फोन आला. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमधून मी धावतपळत पोचले, तोवर माझ्या नवऱ्याची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तच पोचत नव्हतं. ज्याने सगळी नोकरी मेंदूतलं रक्त मोजण्यात घालवली, त्याच्याच! तिसऱ्या दिवशी तो गेला.

एमआरआयच्या यंत्रात, सुई न टोचता, हृदयाच्या दर ठोक्याला मेंदूच्या कुठल्या वाहिनीतून किती रक्त वाहतं हे मोजायचं, हे त्याचं काम. नवी पद्धत बसवली की पहिला निरोगी माणूस म्हणून तो स्वतः यंत्रात झोपायचा, आणि दुसरी मी. "चल गं, अर्धा तास पडायला मिळेल तुला," म्हणायचा. मंगळसूत्र, बांगड्या बाहेर काढून ठेवून मी त्या खडखडाटात डोळे मिटून पडायचे. खरं सांगते, मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या स्वतःच्या मेंदूच्या आलेखात डावीकडच्या रक्ताची रेघ उजवीपेक्षा बरीच खाली आली. मोजताना यंत्राने घेतलेला वाहिनीचा छेद तिरका गेला की आकडा चुकतो, म्हणून त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. महिनाभर तो यंत्राशी भांडत होता. एकदा जेवताना मी म्हटलं, "अरे, माझ्या दोन्ही बाजू सारख्या आल्या ना? यंत्र तर तेच होतं."

"अच्छा, आता तू मला शिकवणार? मी नॉर्मल आहे यार, म्हणून तर पहिला झोपतो. भात वाढ."

आणि मी भात वाढला... हट्टाने डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, ते केलं नाही. लोक म्हणतात, स्वतःला दोष देऊ नका. मग कोणाला देऊ? त्याच्यावर चिडावं, तर तो समोर नाही. दिवस उजाडूच नये असं वाटतं.

परवा त्याचं घरातलं टेबल पुसताना काचेखाली आमच्या दोघांच्या आलेखांचा कागद दिसला. माझ्या आलेखापुढे बरोबरची खूण. त्याच्या आलेखात डावी रेघ खाली पडलेली, आणि शेजारी पेन्सिलीने त्याचं बारीक अक्षर: 'यंत्राची चूक. पुन्हा मोजणे.' वर काचेवर, नेमका त्या रेघेवर, कपाचा गोल डाग होता. सगळा हिवाळा मी रोज सकाळी त्याचा चहा तिथेच ठेवत होते.