वन्संची ताडपत्री

माझ्या नणंदेला आरोग्यधामातून घरी आणलं, त्याला वर्ष होत आलं होतं. छातीचा फोटो उजेडात धरून डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, क्षय बरा झालाय, आता हिंडाफिरायला हरकत नाही. दिवाळीची सुट्टी संपली की वन्सं पुन्हा शाळेत शिकवायला जाणार होत्या. दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत याहून आनंदाची बातमी बऱ्याच दिवसांत आली नव्हती. पण माझ्या यजमानांचा त्या आनंदावर विश्वास बसत नव्हता. वन्सं बाहेरून आल्या, की हे हातातलं काम थांबवून त्यांचा श्वास ऐकत बसायचे. त्या नुसत्या शिंकल्या तरी यांचा चेहरा उतरायचा. आई लवकर गेल्यामुळे या मोठ्या बहिणीनंच यांना वाढवलं होतं. ती आजारी पडली तेव्हापासून हे पुरते धास्तावले होते.

अशात वन्संनी जेवताना एक दिवस सांगून टाकलं, "शाळा सुरू व्हायच्या आधी मला दोन रात्री डोंगरात काढायच्यात."

आजारापूर्वी त्या दर हिवाळ्यात शाळेतल्या मोठ्या मुलींना घेऊन डोंगरात जायच्या. चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या खोऱ्यातून वर घाटमाथ्याला. यांनी घास तसाच हातात धरला.

"ताई, थंडी पडलीय. दव पडतं. आजारातून उठलेल्या माणसानं उघड्यावर झोपायचं?"

"उठून वर्ष झालं. आणि उघड्यावर कोण झोपतंय? ताडपत्री आहे की माझी."

"ताडपत्री म्हणजे उघड्यावरच."

दोन दिवस वाद चालला. शेवटी हे म्हणाले, जायचंच असेल तर तिघं जाऊ, पण झोपायचं तंबूत. पिंपरीच्या कारखान्यातून सुटल्यावर हे परस्पर खडकीच्या बाजारात गेले आणि लष्करातून भंगारात निघालेला एक खाकी तंबू सायकलच्या मागे बांधून घेऊन आले. घरामागच्या मोकळ्या जागेत आम्ही तो उभा करून पाहिला. दोन लाकडी खांब, लोखंडी खुंट्या, जाड कापड, दाराला वरपासून खालपर्यंत नाड्या. किडीसाठी टाकलेल्या कसल्याशा पावडरीचा वास त्यातून जात नव्हता. शेजारच्या बायका पाहायला आल्या. हे अगदी खुशीत होते. वन्संनी आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"यात हवा नाही रे."

"हवा नको म्हणूनच आणलाय!"

आरोग्यधामात वन्सं वर्षभराहून जास्त उघड्या पडवीत झोपल्या होत्या. एका बाजूला भिंतच नाही आणि खाटा सगळ्या डोंगराकडे तोंड करून. घरीही त्यांना खिडकी सताड उघडी लागायची. त्यांनी आतून आपली ताडपत्री आणली. ट्रकवरच्या जुन्या ताडपत्रीचा तो मेणचट तुकडा होता. कोपऱ्यातली भोकं केव्हाच फाटली होती. वन्संनी प्रत्येक कोपऱ्यात एक गोटा गुंडाळला, त्याच्या मानेला दोरी आवळली, मधून एक दोर ओढून घेतला आणि बघता बघता डोक्यावर छप्पर तयार झालं.

"आता तू सांग," दोघं माझ्याकडे वळले.

खरं म्हणजे मला तंबूच हवा होता. मी आयुष्यात कधी रानात झोपले नव्हते. लुगडं बदलायला आडोसा लागतो, जनावराची भीती वाटते. पण वन्संचा चेहरा पाहून तसं म्हणवेना. "दोन्ही घेऊ या," मी म्हटलं. वाद मिटला, तो असा.

ओझं मात्र यांच्या खांद्यावर आलं. चाकणला गाडी बदलली, कच्चा रस्ता संपला तिथे उतरलो आणि चालायला लागलो. वन्सं काठी घेऊन पुढे, एका चालीनं, न थांबता. मागे मी. सर्वांत मागे हे. तंबूचे खांब झुडपात अडकत होते, घामानं सदरा पाठीला चिकटला होता, आणि तरी तोंडानं चाललेलंच, "ताई, बस जरा. ताई, दमलीस का?"

शेवटच्या वाडीत एका बाईनं आम्हाला पाणी दिलं. यांच्या खांद्यावरचं ते बोचकं बघून तिनं विचारलं, "कुनाच्या लग्नाचा मांडव घालाया निगाला वं?"

"याचंच उरकून टाकू म्हटलं," वन्सं म्हणाल्या.

"आन् ही बाई कोन मंग?" तिनं माझ्याकडे बोट केलं, आणि आम्ही सगळे हसलो. हेही हसले, पण ओझं खाली ठेवून.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. झाडी दाट होती, खाली ओढ्याची घळ, आणि वारा सुटलेला. यांनी आधी तंबूच ठोकला. "पहिली रात्र माझ्यासाठी," असं यांनी म्हटल्यावर वन्सं मुकाट्यानं आत आल्या. यांनी दाराच्या नाड्या घट्ट आवळल्या, कंदील आत घेतला. थोड्याच वेळात कंदिलाचा धूर आणि त्या पावडरीचा वास मिसळून घसा खवखवायला लागला. मी खाकरले. मग वन्संना खोकला सुटला.

कोरडा होता, पण थांबेना. यांचा चेहरा मी कंदिलाच्या उजेडात पाहिला. तो आजही आठवतो. वन्संनी स्वतःच नाड्या सोडल्या आणि रांगत बाहेर जाऊन एका खडकावर बसल्या. यांनी धावत जाऊन त्यांच्या हातात रुमाल दिला. हळूहळू खोकला ओसरला. मग यांनी तो रुमाल परत घेतला, कंदिलाजवळ नेला, एका बाजूनं पाहिला, उलटून दुसऱ्या बाजूनं पाहिला.

"दिसलं काही?" वन्संनी विचारलं.

"नाही."

"मग आता दोर दे."

हिरड्याच्या दोन झाडांमध्ये ताडपत्री ताणली. वाऱ्याकडची बाजू जमिनीला टेकवून वर दगड ठेवले, समोरची बाजू उघडी. आम्ही तिघं ओळीनं आडवे झालो. मला वाटलं होतं, डोळाही लागणार नाही. पण झालं उलटंच. तंबूत असताना बाहेर पान हललं तरी बिबट्या आल्यासारखं वाटत होतं. इथे मान वळवली की दिसत होतं, पानच आहे. वन्संचा श्वास संथ लागला. हे अंगाभोवती घोंगडी घेऊन बसूनच होते. मी केव्हा झोपले ते कळलं नाही.

मला जाग आली ती यांनी खांदा हलवल्यामुळे. उजाडलं होतं.

"ताई नाहीये."

त्यांच्या अंथरुणाची नीट घडी घातलेली होती. हे अनवाणीच पळत सुटले. तंबूत डोकावले, कड्याच्या बाजूला गेले, हाका मारत परत आले. सगळं गवत दवानं पांढरं झालं होतं आणि त्यातून एक काळपट रेघ खाली घळीकडे गेलेली मला दिसली. कुणीतरी चालत गेल्याची. आम्ही घळीच्या तोंडाशी आलो आणि खाली पाहिलं.

वन्सं वर येत होत्या. एका हातात पाण्यानं भरलेली किटली, काखेत वाळक्या फाट्या, पदर खोचलेला. चढ असा होता, की मला रिकाम्या हातानंही जमला नसता. हे जागच्या जागी उभे राहिले. खाली धावले नाहीत, हाकही मारली नाही. वन्सं जवळ आल्या तसे आम्ही दोघंही, एकमेकांना न सांगता, त्यांचा श्वास ऐकत होतो. चढून आलेल्या कुठल्याही माणसाचा असावा तसा तो होता. खोकला नाही, घरघर नाही.

"चहाला पाणी नको का?" त्या म्हणाल्या. मग यांच्याकडे पाहून, "तुलाच केवढी धाप लागलीय. बस आधी."

हे ओल्या गवतात बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. "ताई, मला वाटलं..."

"ठाऊक आहे मला काय वाटलं ते. वर्षभर रोज वाटतंय तुला."

दुसऱ्या रात्री तंबू आम्ही उभाच केला नाही. घडी करून खाली अंथरला, गादीसारखा. हे पडल्या पडल्या घोरायला लागले. वन्सं आणि मी कितीतरी वेळ कुजबुजत हसत होतो.

परतताना चाकणला गाडीची वाट पाहत आम्ही चहा घेतला. आरोग्यधामातून आल्यापासून वन्सं स्वतःचा पेला वेगळा ठेवायच्या. डॉक्टरांनी गरज नाही म्हणून सांगितलं होतं, तरी प्रवासात तो पिशवीत असायचाच. त्या दिवशी हॉटेलवाल्यानं दोनच कप भरून आणले, दूध संपलंय, म्हणाला. वन्संनी पिशवी उघडली नाही. कप उचलला, दोन घोट घेतले आणि उरलेला चहा यांच्यापुढे सरकवला. हात मात्र कपावरून काढला नव्हता.

"सोड की," हे म्हणाले. "निवतोय."

आणि यांनी तो एका दमात पिऊन टाकला.

गाडीला गर्दी होती, तिघांना एकत्र जागा मिळाली नाही. वन्सं आणि मी मागे बसलो. हे पुढे ड्रायव्हरच्या पाठीशी बसले, आणि भोसरी येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.