आदिनाथभाऊजी खरं बोलले ती येळवस

आज येळवस झाली, शेतात पूजा अन् पंगत करायची वेळ अमावस्या. पाय भरून आलेत, पण चार ओळी लिहिल्याशिवाय पाठ टेकवणार नाही.

आदिनाथ माझे धाकटे दीर. नांदेडला विष्णुपुरीजवळ पंपदुरुस्तीचं दुकान चालवतात. अंगानं दणकट, बोलायला कमी. सासूबाई गेल्यापासून येळवशीची भज्जी, शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवून, तेच घोटतात. तशी चव आमच्या कुणाच्याच हाताला नाही.

गेल्या दिवाळीत त्यांना उमरीचं स्थळ आलं, तेव्हा चुलीपाशी येऊन म्हणाले, "वहिनी, माझं मन बाईकडं जात न्हाई. पुरुषाकडंच जातंय. पहिल्यापासून."  कितीतरी दिवस देवापुढे नुसती बसून राहिले. देवानं काही सांगितलं नाही, पण भाऊजी मला होते तसेच दिसत राहिले. मग मी त्यावर डोकं शिणवणं सोडलं.

त्यांना हे अजून एकालाच सांगायचं होतं, हनुमंतला. शाळेपासून दोघं एका ताटात जेवलेले. "त्याला सांगितलं की मी मोकळा," म्हणायचे. आज आमच्या शिरूरच्या शेतात सांगणार होते.

कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, आंबील फिरली. नांदेडहून आलेले दोस्त पंगतीला बसले. भाऊजी भज्जी वाढायला लागले तसा त्यांतला सुदाम ओरडला, "अय छक्क्या, इकडं वाढ की बे!"

"बायल्या हाय, पण हाताला चव लई हाय," हनुमंत म्हणाला.

या दोस्तांची रीतच ती. मॅच हरली की छक्का, दारूला नाही म्हटलं की छक्का, डोळ्यात पाणी आलं की 'गे हायस का बे'. भाऊजींची पळी भांड्यातच थांबली.

माझ्यानं राहवलं नाही. "सुदामभाऊजी, पूजेच्या जागी तसलं बोलू नका. कुणी खरंच तसं असलं, तर त्याच्या जिवाला काय वाटेल?"

"वैनी, दोस्तीत चालतंय. शिवी थोडीच हाय?"

"अन् आपल्यात कोण हाय तसा?" हनुमंतनं विचारलं.

"मी हाय," भाऊजी म्हणाले.

सरळ हनुमंतकडे बघून म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. 

आणि सगळी पंगत खो खो हसली. हनुमंतनं उठून पाठीत धपाटा घातला. "हाव बे! तू तर आपला जिल्हाध्यक्ष!"

भाऊजीही हसले. ते हसणं मला बघवलं नाही.

नंतर मी विहिरीवर भांडी घासत होते, तेव्हा ते शेजारी येऊन बसले. "सांगून तर टाकलं, वहिनी."

"परत सांगा. एकट्याला गाठून, शांतपणे."

"इतकी वर्षं हसून ऱ्हायलेत त्या गोष्टीवर. आता खरं सांगितलं तरी त्यांना गंमतच वाटते. आज धीर केला होता, वहिनी. परत कुठून आणू?"

मी भांडं विसळत राहिले. तिकडून हनुमंत गाडी चालू करून हाका मारत होता. भाऊजींनी बाहीनं तोंड पुसलं, त्याच्या मागं बसले आणि गेले.

सांजवात लावून हात जोडले. भाऊजींना बदल असं मी देवाला म्हणत नाही, कधी म्हटलंही नाही. आज हनुमंतसाठी मागितलं. त्याला ऐकू येऊ दे.